पाळण्यातील प्रकृतिभेद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत नवपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव म्हटला की मागील पन्नास वर्षांचा हिशेब मांडण्याची प्रथा आहे. नाटके, गणेशोत्सव, ग्रंथालय, कोजागिरी यांचा तो हिशेब इतर वक्त्यांनी मांडलेलाच आहे. परंतु या मंडळाचे पुढील पन्नास वर्षांचे सभासद आज पाळण्यात आहेत आणि त्यांच्याविषयी बोलण्यास चालकांनी आम्हांस पाचारण केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपण मोठ्या माणसांबाबत सहज मान्य करतो. एका आईच्या पोटचे दोन भाऊ, एक बोलघेवडा आणि एक अबोल, हे आपल्याला खटकत नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र आपण हा न्याय विसरतो. बाळ म्हणजे मातीचा ओला गोळा, आई घडवील तसे ते घडेल, असे आपण गृहीत धरतो. मग बाळ शांत असले की आईचे कौतुक होते आणि किरकिरे निघाले की बोट पुन्हा आईकडेच वळते. 'हिला दूध पुरत नसेल', 'हिने गरोदरपणी फार धावपळ केली', 'सारखे उचलून घेऊन सवय लावली', ही वाक्ये आपल्या घराघरांत ऐकू येतात. आधीच शिणलेल्या बाळंतिणीच्या मनावर त्यांचा जो घाव बसतो, तो कोणत्याही तपासणीत दिसत नाही. आजच्या विषयाची निकड आम्हांस येथेच जाणवते.

न्यूयॉर्क शहरात अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ साली एक दीर्घ अभ्यास आरंभिला. मुलातील सर्व दोष आईच्या वागणुकीतून उगवतात, असे त्या काळी तज्ज्ञही सर्रास मानीत. या दांपत्याने शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षे मागोवा घेतला आणि बाळांच्या स्वभावाची नऊ अंगे नोंदविली. बाळाची हालचाल किती. भूक, झोप आणि शौच यांना ठरलेली वेळ आहे की नाही. नवे माणूस किंवा नवी चव समोर आली असता ते पुढे सरसावते की मागे हटते. बदल त्याच्या अंगवळणी लवकर पडतो की उशिरा. आवाज, उजेड, ओले दुपटे यांची जाणीव त्याला किती तीव्र होते. हसणे-रडणे मंद सुरात की टिपेला. एकंदर मनोवृत्ती प्रसन्न की कुरकुरी. लक्ष चटकन दुसरीकडे वळते का. आणि एखाद्या गोष्टीचा पाठपुरावा ते किती वेळ करते, अशी ती अंगे होत.

यांवरून त्यांनी तीन ढोबळ गट मांडले. सुमारे चाळीस टक्के बाळे सोपी. सुमारे दहा टक्के अवघड, म्हणजे वेळापत्रक नसलेली, नव्याला बिचकणारी आणि टिपेला रडणारी. आणि सुमारे पंधरा टक्के सावकाश रुळणारी. उरलेली पस्तीस टक्के कोणत्याच चौकटीत नीट बसली नाहीत, हे आम्हांस या अभ्यासातील सर्वांत शहाणपणाचे वाक्य वाटते. चौकटी अभ्यासकाच्या सोयीसाठी असतात. बाळाच्या कपाळावर चिकटविण्यासाठी नव्हेत.

त्या दांपत्याने याहून मोलाचा एक विचार दिला, तो 'जुळणी'चा. बाळाचा स्वभाव स्वतःहून चांगला वा वाईट नसतो. घराची रीत आणि बाळाची प्रकृती यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून राहते. त्यांनीच न्यूयॉर्कमधील पोर्टोरिको बेटावरून आलेल्या कामकरी कुटुंबांचाही अभ्यास केला. तेथे मूल रात्री केव्हा झोपते, याची कोणी फारशी पर्वा करीत नसे. त्यामुळे झोपेची अनियमितता तेथे तक्रारच ठरली नाही. ती ठरली मूल शाळेत जाऊ लागल्यावर, कारण तेव्हा घड्याळ घरात आले. मूल तेच होते, रीत बदलली होती.

याहून विलक्षण उदाहरण पूर्व आफ्रिकेतील मसाई लोकांचे आहे. १९७४ च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात डी व्रीस या संशोधकाने तेथील सोप्या व अवघड बाळांची नोंद केली होती. काही महिन्यांनी तो परतला, तेव्हा सापडलेल्या सोप्या बाळांपैकी बहुतेक दगावली होती आणि अवघड बाळांपैकी बहुतेक जिवंत होती. संख्या अगदी लहान असल्याने त्यावरून सिद्धान्त बांधता येणार नाही. तथापि, जे मोठ्याने रडते त्याच्या मुखी दूध आधी जाते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतेच. आपल्याला जी डोकेदुखी वाटते, ती बाळाच्या दृष्टीने कधी कधी जीवनशक्ती असते.

आता रडण्याविषयी. ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली आयांकडून बाळांच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या. निरोगी बाळांचे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसास पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते, असे त्यांत आढळले. कळसाच्या दिवसांत दिवसाकाठी पावणेतीन तास रडणे हे मधले प्रमाण होते. हे रडणे बहुधा सायंकाळी होते आणि पुष्कळदा त्याला कोणतेही कारण सापडत नाही.

हा सहावा आठवडा आपल्या रीतीभातींच्या संदर्भात पाहावा. सव्वा महिना सरतो, शेकशेगडी बंद होते, तेल लावणाऱ्या बाईंचे येणे थांबते. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांत तर आजीचे परतीचे तिकीटही याच सुमारास निघालेले असते. म्हणजे मदतीचे हात जेव्हा कमी होतात, नेमके तेव्हाच बाळाचे रडणे शिगेला पोहोचते. नवी आई समजते की आपल्या हाती आल्यावर बाळ बिघडले. वस्तुतः बाळ आपल्या ठरलेल्या क्रमाने चाललेले असते. हा क्रम आधी ठाऊक असणे हेच अर्धे औषध होय.

उरलेले अर्धे औषध मनुष्यबळाचे. आजीचे तिकीट दोन आठवडे पुढे ढकलता आले तर ढकलावे. बाळाच्या वडिलांनी सायंकाळचे दोन तास आपले मानावेत. भूक, ओले दुपटे, ताप हे सारे पाहून झाले आणि तरीही रडणे थांबेना, तर बाळाला पाळण्यात उताणे सुरक्षित ठेवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जाऊन बसण्यात कोणताही अपराध नाही. संतापाच्या भरात बाळाला गदगदा हलविणे मात्र कदापि घडता कामा नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ कायमचे अधू होऊ शकते, प्रसंगी दगावूही शकते. मुंबईच्या गिरणगावात एके काळी कामकरी आया बाळाला अफूची गोळी देऊन कामावर जात, कारण त्यांना दुसरा उपायच नव्हता. आज कोणी 'झोपेचे थेंब' सुचविले, तर वैद्याच्या सल्ल्यावाचून ते घेऊ नयेत. बाळंतिणीला स्वतःलाच सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल आणि असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर तो हट्ट किंवा नाटक नव्हे. तो उपचाराने बरा होणारा आजार आहे.

नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन बूम या संशोधिकेने गरीब घरांतील शंभर किरकिऱ्या बाळांवर केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या आयांच्या घरी बाळ सहा ते नऊ महिन्यांचे असताना तीन भेटी देऊन, बाळाच्या खुणा कशा ओळखाव्यात आणि त्यांना कसा प्रतिसाद द्यावा, एवढेच शिकविले गेले. वर्षअखेर त्या गटातील साठ टक्क्यांच्या आसपास बाळे आईशी निश्चिंत जडलेली आढळली. दुसऱ्या गटात हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. बाळाचा स्वभाव निसर्गाने दिलेला असला, तरी पुढची कथा लिहिलेली नसते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. सटवाई पाचव्या रात्री काय लिहून जाते ते असो. शाई वाळण्यापूर्वी आईबापांना पुष्कळ फेरफार करता येतात.

स्वभावाप्रमाणेच वाढीच्या वेगातही भेद असतात. बारशाला जमलेल्या बायका सहा महिन्यांनी पुन्हा भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला, 'बसतो का?' येथे आकडे साहाय्यास येतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या दिल्लीसह घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील आठशेहून अधिक निरोगी बाळांचे निरीक्षण करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराविना बसण्याची मुदत जेमतेम चार महिन्यांपासून नऊ महिन्यांच्या किंचित पुढपर्यंत पसरलेली आढळली. स्वतंत्र चालण्याची मुदत तर सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. शंभरातील चार बाळे हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालू लागली. म्हणजे शेजारची चिमी दहाव्या महिन्यात चालली आणि आपला बाळ्या पंधराव्यात, तर दोघेही आपापल्या वेळेवरच आहेत.

या क्षेत्रात महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाचा वाटा केवढा मोठा आहे, हे या व्यासपीठावरून सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी परदेशी बेली मापनावरून भारतीय बाळांसाठी विकासमापनाची मानके तयार केली आणि १९९७ साली त्यांची सुधारित आवृत्ती आली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या या मापनात शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. परक्या देशाच्या गजाने आपले बाळ मोजू नये, ही दृष्टी त्यांच्या कार्याने दिली.

मात्र 'प्रत्येक मूल वेगळे' हे वाक्य औषधासारखे आहे. मात्रा चुकली तर अपाय करते. भेद आणि दोष यांतील सीमारेषा पालकांनी ओळखली पाहिजे. तीन महिन्यांपर्यंत बाळ माणसाकडे पाहून हसत नसेल, पाच महिन्यांपर्यंत मान धरीत नसेल, दहा महिन्यांपर्यंत आधाराविना बसत नसेल, वर्षापर्यंत नावाने हाक मारली असता वळत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, तर थांबू नये. पहिल्या वर्षातच एकच हात वापरण्याकडे त्याचा कल दिसला, तर तेही दाखवावे. आणि आलेली गोष्ट, मग तो शब्द असो की हसणे, मावळू लागली, तर त्याच आठवड्यात वैद्य गाठावा. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय मात्र अपेक्षित जन्मतारखेपासून धरावे. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब योग्य.

'त्याचे वडीलही उशिराच बोलले होते' हे वाक्य आपल्याकडे फार मायेने उच्चारले जाते. पण त्या मायेपोटी कित्येक बहिऱ्या मुलांची मोलाची वर्षे वाया गेली आहेत. जन्मानंतर पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारास प्रारंभ, हा आज सर्वमान्य क्रम आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या अशा तपासणीची सोय सरकारी पातळीवरही झाली आहे. चाचणी करून कान उत्तम निघाले, तर नुकसान काहीच नाही. न केली, तर भरून न येणारे आहे.

शेवटी, आपल्यासारख्या परप्रांतस्थ मराठी घरांचा एक खास प्रश्न. येथे हैदराबादेत बाळाच्या कानावर घरी मराठी, अंगणात तेलुगू आणि सांभाळणाऱ्या बाईंची हिंदी पडते. मूल बोलण्यास जरा मागे राहिले की कोणीतरी सल्ला देतो, 'घरातले मराठी बंद करा, मूल गोंधळते.' हा सल्ला शास्त्राला धरून नाही. अनेक भाषा ऐकल्याने वाचादोष उत्पन्न होत नाही. अशा मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावे लागतात. 'पाणी' आणि 'नीळ्ळु' हे दोन्ही त्याच्या खात्यावर जमा करावेत. आणि मूल खरोखरच मागे असेल, तर एक भाषा काढून घेणे हा उपचार नव्हे. ज्या भाषेत आईला अंगाई सुचते, रागावता येते आणि लाड करता येतात, ती भाषा काढून घेतली, तर मुलाशी होणारे बोलणेच आटते. मंडळाने पन्नास वर्षे जी भाषा जपली, तिची पहिली शाळा पाळण्याशीच भरते.

'बाळाचे पाय पाळण्यात दिसतात' असे आपण म्हणतो. पाय जरूर दिसतात. पण ते कोणत्या वाटेने जातील, हे पाळण्यात दिसत नाही. ती वाट बाळाच्या प्रकृतीशी जुळती करून देणे एवढेच आपल्या हाती आहे. तेव्हा येथील ज्येष्ठ भगिनींना आमची एकच विनंती आहे. पुढच्या बारशाला गेलात, तर 'बाळ कोणावर गेले?' हे अवश्य विचारा. पण त्यानंतर बाळंतिणीजवळ घटकाभर बसून 'तुझी झोप होते का गं?' हेही विचारा. आणि उत्तर 'नाही' असे आले, तर दुसऱ्या दिवशी सायंकाळी दोन तास बाळाला सांभाळण्यास जा.

मंडळाच्या शतकमहोत्सवात याच व्यासपीठावर आजच्या पाळण्यांतील मंडळी, कोणी बोलकी, कोणी अबोल, आपापल्या प्रकृतीनिशी बसलेली असोत, अशी शुभेच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.