तालुक्याचा कॅमेरा घेताना

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत ठरले, तालुक्याला एक व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा, तीस हजारांच्या आत घ्यायचा, आणि कोणता ते मी सांगायचे. मी शेतकी कॉलेजात किडी शिकलो, कॅमेरे नाही. पण गेल्या हंगामातली आपली फजिती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. एका खरेदीच्या जागी कापसाची प्रत उतरवली. आपल्या पोराने वीस फुटांवरून सगळे टिपले. चित्र आले, आवाज आला तो ट्रॅक्टरचा आणि वाऱ्याचा. प्रत लावणारा काय बोलला ते एकालाही ऐकू आले नाही. नंतर तो म्हणाला, मी तसे बोललोच नाही. विषय तिथेच संपला.

कोणी म्हणेल, खिशात मोबाईल असताना कॅमेरा कशाला? दोन मिनिटांच्या कामाला मोबाईलच बरा. पण एप्रिलच्या उन्हात मोबाईल तापून बंद पडतो, मधेच फोन येतो, आणि दूरचे ओढून घ्यायला गेलात की चित्र फुटते. वजन-मापाला चार तास रांगेत उभे राहायचे तर हातात कॅमेराच हवा.

म्हणून पहिली गोष्ट आवाजाची. कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लावायला पिनेची जागा आहे का, हे सर्वात आधी बघा. सोनीच्या सीएक्स ४०५ मध्ये ती नाही. पॅनासोनिकच्या व्ही १८० मध्येही नाही, त्याचा झूम पन्नासपट असला तरी. त्याच कंपनीच्या व्ही ७८५ ला ती आहे, झूम मात्र वीसपट. मला विचाराल तर मी वीसपटवाला घेईन. पन्नासपट झूम हातात धरून स्थिर राहत नाही, तिपाई लागते, आणि गर्दीत तिपाई कोण उभी करू देतो? तिथे बोलणाऱ्या आपल्या माणसाच्या कॉलरला माइक लावला, त्यावर फोमची टोपी घातली, की समोरच्याचेही शब्द येतात. लपवून नाही, उघड लावायचा.

खोक्यावर डिजिटल झूमचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. ते वाचूच नका. तो झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणणे, पाणी घालून दूध वाढवावे तसे. ऑप्टिकल झूम किती, एवढेच विचारा.

दुसरे, उजेडाचे. भिंगामागे चित्र उमटवणारी जी चकती असते, ती स्वस्त कॅमेऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढी असते. भर दुपारी फरक कळत नाही. पण डिसेंबरात साडेपाचला पत्र्याच्या शेडखाली चित्रात मुंग्या येतात. चकती जितकी मोठी तितके बरे.

आणि आपल्या लोकांची खास अडचण: पांढरा कापूस. कॅमेरा स्वतःच्या बुद्धीवर सोडला, तर पांढरी गंजी चौकटीत भरली की तो उजेड कमी करतो. कापूस मळकट करडा दिसतो, शेतकऱ्याचे तोंड काळे पडते. प्रतीचाच वाद असताना आपणच आपला कापूस हलका दाखवायचा? तेव्हा उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय हवी. ओलाव्याच्या मीटरवरचा आकडा आणि बोंडातली गुलाबी अळी जवळून स्वच्छ दिसायला हवी. २०१७ साली अळी आली तेव्हा डोमकळी कशी ओळखायची हे मी गावोगाव तोंडाने सांगत फिरलो. एक चित्रफीत असती तर निम्मे बोलणे वाचले असते.

वर्गणीत नवा बसला नाही तर वापरलेला चालेल, पण कॅसेटवाला फुकट मिळाला तरी नको. एका कॅसेटवर साधारण तासभर, आणि ती उतरवायला लागणारी फायरवायरची जोडणी आजच्या संगणकांना नसते. कार्डवालाच घ्या. फुल एचडी सतरा मेगाबिटच्या वेगाने भरले तर ३२ जीबीत साधारण चार तास मावतात. बॅटऱ्या दोन घ्या.

आता कार्डाचे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हा वाद कोर्टात गेला. निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण हा त्यातला पुरावा होता. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की चित्रणाची नक्कल दाखवायची तर प्रमाणपत्र हवे. मूळ यंत्रच मालकाने स्वतः हजर करून साक्ष दिली तर नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या प्रमाणपत्राचा नमुना ठरला आहे, त्यात फाइलचा हॅश द्यावा लागतो. ते काम वकिलाचे. आपले काम एवढेच की वादाचे कार्ड पुसायचे नाही, त्यावर लग्नाची वरात भरायची नाही. पाकिटात घालून तारीख आणि टिपणाऱ्याचे नाव लिहायचे. आणि कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावायचे. आपल्या मागच्या शूटिंगवर तारीख २०१५ ची आली होती.

सोमवारी तिघेजण दुकानात जाऊ. सोबत मूठभर कापूस आणि एक किडके बोंड घ्या. कॅमेरा काउंटरवर बघायचा नाही, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या आवाजात दोन मिनिटे भरून तिथेच ऐकायचा. बाहेर नेऊ देत नसतील तर पुढचे दुकान.