तूप, सरकी आणि भाकरी

दर्यापूर हें खारपाणपट्ट्यांतील गांव. पूर्णेच्या खोऱ्यांतील या पट्ट्यांत भूगर्भांतलें पाणी खारट. त्यामुळें विहिरीच्या बागाइतीपेक्षां पावसावर येणारीं कापूस, ज्वारी, तूर, मूग आणि हरभरा हींच येथील शेतकऱ्याचीं जुनीं पिकें. त्यांतूनच वऱ्हाडी ताट सिद्ध झालें: ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, झुणका, ठेचा, आणि सणावारीं रोडगे किंवा पुरणपोळी व त्यांवर तुपाची धार. आज याच ताटावरून अनेक घरांत वाद चालतो. आजोबांना पूर्वीं डॉक्टरांनीं तूप वर्ज्य सांगितलेलें असतें. मधुमेह जडलेला मुलगा आतां म्हणतो कीं तूप बेलाशक खावें, सोडावी ती भाकरीच. दोघेहि वैद्यकशास्त्राचाच दाखला देतात. मग या शास्त्रानें कोणास तरी फसविलें म्हणावें काय?

तुपावरील आक्षेप अमेरिकेंत उगम पावला. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार हा तेथें मोठ्या चिंतेचा विषय झाला. ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानें १९५८ सालीं सात देशांतील आहाराचा अभ्यास आरंभिला. तूप, लोणी, चरबी अशा थिजणाऱ्या पदार्थांत जो संपृक्त स्निग्धांश अधिक असतो, तो रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढवितो व त्याबरोबर हृदयविकारहि वाढतो, असें त्यांचें मत झालें. १९६१ सालीं अमेरिकन हार्ट असोसिएशननें हा स्निग्धांश कमी करून त्याऐवजीं वनस्पतिजन्य तेलें वापरावीं, असा सल्ला दिला. कोलेस्टेरॉलविषयींचें तें निरीक्षण आजहि खोटें ठरलेलें नाहीं. मात्र त्या सात देशांत भारत नव्हता. आणि ‘तूप कमी करा’ या उपदेशाचा ‘त्या जागीं अमुक खा’ हा उत्तरार्ध लोकांच्या कानीं क्वचितच पोंचला.

त्या जागीं काय आलें, याची कथा कापसाशीं जोडलेली आहे. जिनिंगमध्यें रुई वेगळी झाली कीं सरकी उरते. वऱ्हाडचा शेतकरी ती गाई-म्हशींस चारीत आला व त्यांचें दूधतूप खात आला. अमेरिकेंत मात्र १९११ सालीं सरकीच्या तेलावर हायड्रोजन वायूची क्रिया करून ‘क्रिस्को’ नांवाचा घट्ट पदार्थ विक्रीस आला. त्याच विद्येनें वनस्पति तेलांपासून बनविलेला ‘डालडा’ १९३७ सालीं भारतांत आला. तुपाची महागाई आणि पुढें तुपाची भीति, या दोहोंमुळें तो मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत रुळला. पण तेल असें अर्धवट घट्ट करतांना त्यांत ट्रान्स नांवाचा स्निग्धांश तयार होतो, आणि तो हृदयास तुपापेक्षांहि घातक आहे, हें १९९० नंतर स्पष्ट होत गेलें. भारतांत तेलें व वनस्पति यांतील त्याच्या प्रमाणावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घालण्यांत आली. ज्यांनीं तूप सोडून डालडा धरला, त्यांनीं पथ्य समजून अपथ्यच केलें.

मतपरिवर्तनाचा दुसरा अंक याच शतकांतला. २०१० व २०१४ सालीं पूर्वींचे अनेक अभ्यास एकत्र तपासतां, संपृक्त स्निग्धांश अधिक खाणाऱ्यांत हृदयविकार अधिक असल्याचें ठामपणें दिसलें नाहीं. लगेच ‘लोणी निर्दोष’ अशी हाकाटी उठली. परंतु २०२० सालीं कॉक्रेन या संस्थेनें, निदान दोन वर्षें चाललेले १५ प्रयोग तपासले. संपृक्त स्निग्धांश घटविणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार सुमारें १७ टक्क्यांनीं कमी आढळले. एकूण मृत्युसंख्येंत मात्र फारसा फरक दिसला नाहीं. हा विरोध बराचसा वरवरचा आहे. तुपाच्या जागीं करडई, सोयाबीन यांसारखें तेल आलें तर लाभ होतो. मैदा आणि साखर आली तर तो लाभ दिसत नाहीं.

येथेंच मुलाच्या म्हणण्यांतील तथ्य लक्षांत येतें. पिष्टमय अन्न आणि साखर सोडून कृश होण्याची युक्ति नवी नव्हे. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनीं १८६३ सालीं तिच्यावर पुस्तिका लिहिली. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स या अमेरिकन डॉक्टरांनीं १९७२ सालीं तिला पुन्हां प्रसिद्धि दिली. विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतील विचार पुढें नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं दिवसांतून दोनच वेळां जेवण्याचा उपदेश महाराष्ट्रभर केला. त्यांचा भर जेवणाच्या वेळांवर अधिक आहे. पिष्टमय अन्न घटविल्यानें मधुमेह्याची साखर व वजन पहिल्या सहा महिन्यांत चांगलें उतरतें. वर्षभरांत मात्र इतर पथ्यांच्या मानानें हा फरक पुष्कळ मावळतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा २०२५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वऱ्हाडास विशेष उपयोगी आहे. भारतीयांच्या आहारांतील सुमारें ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. केवळ तांदूळ टाकून गहूं वा भरड धान्य घेतल्यानें मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाहीं. धान्याचा कांहीं अंश डाळी किंवा दूधदुभतें यांतील प्रथिनांनीं भरून काढल्यास तो घटण्याची शक्यता दिसली.

म्हणजे ज्वारी उत्तम असली तरी ती अमर्याद खाण्याची वस्तु नव्हे. चार भाकरींच्या दोन कराव्या. वरण दाट असावें. मुगाची उसळ, भिजविलेले हरभरे, दही आणि पालेभाजी यांस ताटांत मोठी जागा द्यावी. तुपाचा चमचा वरणावर असूं द्यावा. त्याची वाटी करूं नये, कारण तुपांत निम्म्याहून अधिक भाग संपृक्त स्निग्धांशाचाच असतो, आणि पिष्ट सोडून तूप-लोण्यावर भर देणाऱ्या कांहींजणांचें कोलेस्टेरॉल बरेंच चढतें.

एक सावधगिरी मात्र सर्वांत महत्त्वाची. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या चालू असतां एकाएकीं भाकरी बंद केली, तर रक्तांतील साखर धोक्याच्या पातळीखालीं जाऊन रोगी बेशुद्ध पडूं शकतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास डाळींचेंहि प्रमाण विचारून घ्यावें लागतें. तेव्हां ताट बदलण्यापूर्वीं औषधाचें प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें.

आजोबांच्या डॉक्टरांनीं त्यांस फसविलें नव्हतें, आणि मुलाचें म्हणणेंहि निराधार नाहीं. एकानें तुपाकडे पाहिलें, दुसऱ्यानें भाकरीकडे. जें काढलें त्याच्या जागीं काय वाढलें, हें दोघांनींहि पाहावयाचें राहिलें. तें पाहिलें तर खारपाणपट्ट्यांतील मुगानें आणि हरभऱ्यानें दोघांचेंहि ताट एकाच पंगतींत भरतां येईल.