मंगल कार्यालय रद्द केलं, भरलेल्या पैशाचं काय?

मुदत ठेव मोडायला कुणी आलं की मी कारण विचारते. फॉर्मवर तशी जागा नसते, पण सवय लागली आहे. दिवाळीनंतर एक काका आले, म्हणाले, "मुलीचं लग्न आहे." मी अभिनंदन केलं तर त्यांचा चेहराच उतरला. आधी ठरलेलं लग्न मोडलं होतं. आता दुसरीकडे जमलं, पण पहिल्या मंगल कार्यालयात भरलेले ९०,००० रुपये अडकून बसले होते. पावतीवर छापलेलं, 'भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.' काकांनी ते वाचलं आणि पैशावर पाणी सोडलं. वर ठेव मुदतीआधी मोडायची म्हणजे व्याजातही फटका. मी त्यांना आधी ठेवीवर कर्ज घ्यायला सांगितलं. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं, पण ठेव शाबूत राहते. मग म्हटलं, काका, ती पावती दाखवा.

पावतीत दोन आकडे होते. ६०,००० आगाऊ भाडं आणि ३०,००० अनामत. आपण दोन्हीला सरसकट 'डिपॉझिट' म्हणतो आणि तिथेच फसतो. अनामत असते ती काच फुटली, भांडी हरवली, भिंतीला खिळे ठोकले तर भरपाईसाठी. तुम्ही कार्यालयात पाऊलच ठेवलं नाही, तर कसली भरपाई? ती पूर्ण परत मागायची. ओळखायची एक खूणही सांगते. भाड्यावर जीएसटी लावलेला असतो, अनामतीवर लागत नाही.

आता राहिलं आगाऊ भाडं. इथे कार्यालयवाल्याची बाजूही समजून घ्या. ऐन मुहूर्ताची तारीख तुमच्यासाठी अडवून ठेवली, दुसरी गिऱ्हाइकं परत पाठवली, आणि तुम्ही आठ दिवस आधी 'नको' म्हणालात, तर त्याचं नुकसान खरंच होतं. पण सहा महिने आधी कळवलं आणि तीच तारीख दुसऱ्याला दिली गेली, तर नुकसान कितीसं? भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ चा अर्थ असा की करार मोडल्याबद्दल रक्कम आधी ठरवलेली असली, तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळते, आणि ठरलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही नुकसानाच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट 'अनुचित करारा'त धरली आहे. म्हणजे पावतीवर छापलं म्हणून विषय संपत नाही. त्या दिवशी कार्यालयावरून सहज एक चक्कर मारा. दारात दुसऱ्याच वधूवरांच्या नावांची कमान असेल तर तारखेसकट फोटो काढून ठेवा. काकांच्या भाच्याने नेमकं हेच केलं.

रद्द करायचं ते लेखी करा आणि ठरताक्षणी करा. "लोक काय म्हणतील" या विचारात महिना गेला, तर तो महिना तुमच्या पैशातून वजा होतो. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल किंवा स्पीड पोस्टने पत्र पाठवा. पावती क्रमांक, कार्यक्रमाची तारीख, भरलेली रक्कम, तुमचा खाते क्रमांक आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत, एवढं पुरे. लग्न का मोडलं ते लिहायची गरज नाही. भाड्याचा जेवढा भाग परत मिळेल, तेवढ्यावरचा जीएसटीही मागा. लोक हे हमखास विसरतात.

बँक यात काय करू शकते? यूपीआयने स्वतः पाठवलेले पैसे बँक आपल्या मनाने मागे आणू शकत नाही, पण उतारा हा पक्का पुरावा असतो. कार्डाने भरले असतील आणि कार्यालयाने परतावा लेखी कबूल करूनही दिला नसेल, तर चार्जबॅकसाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत मोजकी असते, लगेच शाखेत या. उरलेल्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक दिला असेल, तर आधी रद्द केल्याचं पत्र द्या, चेक परत मागा, आणि मगच 'स्टॉप पेमेंट' करा. नुसता चेक थांबवून गप्प बसलात, तर चेक न वटल्याची नोटीस येऊ शकते. ती आलीच तर पंधरा दिवसांची मुदत असते, कोपऱ्यात टाकू नका. आणि रोख? रोख देऊन पावती घेतली नसेल तर माझ्याकडेही उपाय नाही. एका कार्यक्रमासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानेच मना आहे, हे "रोखच द्या" म्हणणाऱ्याला सांगून बघा.

उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार द्या. बऱ्याचदा तिथेच तडजोड होते. नाही झाली तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आपल्यापैकी अनेकांचं घर इंदूर-बडोद्याला आणि लग्न गावाकडे, पुण्या-नागपूरला असतं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, त्यासाठी तिकीट काढायला नको.

काकांना अनामत आठवड्याभरात मिळाली. भाड्यासाठी दोन पत्रं आणि १९१५ ची तक्रार लागली. १५,००० कापून ४५,००० खात्यात आले, आणि काकांनी ते मान्य केलं. ठेवीवरचं बरंचसं कर्ज त्यातून फिटलं. नव्या कार्यालयात पैसे भरायच्या आधी मात्र त्यांनी मॅनेजरकडून पावतीवर पेनाने लिहून घेतलं, नव्वद दिवस आधी रद्द केल्यास किती कापणार आणि तीस दिवस आधी केल्यास किती. मॅनेजरने थोडी कुरकुर केली, पण सही-शिक्का दिला.