कुकर आणि तरस
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आहे 'आफ्रिकेतला प्रवास'. सिंह-हत्तींचे फोटो तुम्ही ग्रुपवर पाहून कंटाळला असाल. म्हणून मी आज तिथल्या स्वयंपाकाबद्दल बोलणार आहे. हसू नका, शेवटी तो विषय शाळेपाशीच येतो.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघी, सगळ्या १९८६ च्या दहावीच्या, बोट्स्वानाला गेलो. माऊन गावात एक फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी भाड्याने घेतली. टपावर दोन तंबू, मागे गाडीच्या बॅटरीवर चालणारा फ्रीज, छोटा गॅस सिलिंडर आणि घडीचं टेबल. ड्रायव्हर नाही, वाटाड्या नाही, आचारी नाही. गाडी तिथेही आपल्यासारखी डावीकडून चालवतात, एवढीच सोय. मोरेमी आणि चोबे या अभयारण्यांत आठ रात्री राहायचं होतं. वाटेत भाजी मिळणार नाही आणि तळांना कुंपण नाही. रात्री हत्ती तंबूखालून जाऊ शकतो.

तांदूळ, मसूर, मूग, कांदे, बटाटे, कोबी माऊनमध्येच घेतलं. लिंबं पिशवीत टाकत होतो, तर गाडीवाल्याने थांबवलं. लिंबू-संत्र्याचा वास हत्तींना ओढून आणतो म्हणे, आणि मग गाडीच्या पत्र्याची धडगत नसते. आमच्यातल्या एकीने घरून आमसुलं आणली होती. आठ दिवस आमटीला तीच पुरली. घरचा गोडा मसाला, मेतकूट आणि तीन लिटरचा कुकर एवढंच काय ते सामान आपलं.

दिवसाचा क्रम लवकर बसला. सकाळी निघताना मूग घट्ट झाकणाच्या बरणीत भिजत घालायचे. दिवसभर वाळूच्या रस्त्यावर गाडी हिंदकळायची, संध्याकाळपर्यंत मूग तयार. अंडी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली, तरच टिकली. तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि अंधार भराभर पडतो. म्हणून पाचला गॅस पेटवायचा, उजेडातच जेवायचं, भांडी घासून सगळं गाडीत बंद करायचं आणि शिडीने वर चढायचं. पहिल्या संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली आणि झाडावरची बबून माकडं एकदम गप्प झाली. इतकी वर्षं घरच्यांसाठी कुकर लावला, पण त्या शिट्टीला अशी दाद कधी मिळाली नव्हती!

पाचव्या रात्री आम्ही चोबेतल्या सावुटीला होतो. मी दमले होते. खिचडीचा कुकर खरकटाच टेबलाखाली सरकवला आणि म्हटलं, सकाळी घासू. तिघी 'नको' म्हणाल्या. मी ऐकलं नाही. मध्यरात्री भांड्यांचा आवाज झाला. टॉर्च मारला तर ठिपक्यांचं तरस, तोंडात आपला कुकर! उजाडल्यावर गाडीतूनच शोधत गेलो. थोड्या अंतरावर सापडला. दांड्यावर दात उमटलेले, झाकणाची रिंग गायब.

मला वाटलं, झाली गंमत. मी वनरक्षकाला ती हसतच सांगितली. तो हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, जनावराला एकदा माणसाच्या खाण्याची सवय लागली, की ते तळावर परत परत येतं, धीट होतं, आणि एक दिवस त्यालाच गोळी घालावी लागते. आळस मी केला होता आणि किंमत ते तरस मोजणार होतं. त्या दिवशी गाडीत कोणी फारसं बोललं नाही. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. ते अजून मनाला टोचतं.

उरलेल्या तीन रात्री उघड्या पातेल्यात मसूर शिजवला. वेळ लागला, पण भांडी मी एकटीने घासली.

आणि तेव्हा आठवल्या समोर बसलेल्या आपल्या गर्ल गाईडच्या बाई. सातवीच्या शिबिरात तीन दगडांच्या चुलीवर आपण पिठलं केलं होतं, अर्धं करपलेलं. बाईंनी ते गोड मानून खाल्लं. पण निघताना मुलींना रांगेत उभं करून सगळं मैदान वेचायला लावलं. राख पुरली, कांद्याची सालं उचलली, चुलीचे दगडसुद्धा जागच्या जागी ठेवले. तेव्हा मी कुरकुरले होते. बाई, तो धडा मी पंचावन्नाव्या वर्षी तरसाकडून पुन्हा शिकले. तुमचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

कुकरला नवी रिंग बसवली आहे. दांडा मात्र बदललेला नाही. ज्यांना दात बघायचे असतील, त्यांनी घरी जेवायला यावं. खिचडी करीन. भांडी मात्र लगेच घासायची!