हुमणीचा वैरी





ऊस पिवळा पडतो. मग वाळतो. बेट हाताने ओढले की सहज उपटून येते. खाली माती उकरली तर पांढरी, वाकडी अळी सापडते. तीच हुमणी. पिकावर सोसायटीचे कर्ज असते आणि ही अळी मुळ्या खाऊन टाकते!

पण हुमणीलाही मातीतच एक वैरी आहे. त्याचे नाव सूत्रकृमी. सूत्र म्हणजे दोरा. दोऱ्यासारखा हा किडा इतका बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १९९२ साली शास्त्रज्ञांनी याची एक नवी जात जगापुढे मांडली. ती आपल्याच देशात, कोइमतूरला सापडली होती.

हा काम कसं करतो? तोंडावाटे किंवा अंगावरच्या छिद्रांवाटे तो अळीत शिरतो. त्याच्या पोटातले जंतू अळीच्या रक्तात मिसळतात. दोन-तीन दिवसांत अळी मरते आणि विटेसारखी लाल होते. तिच्यातच सूत्रकृमींची हजारो पिले वाढतात आणि दुसरी अळी शोधायला निघतात.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, सूत्रकृमी तर वांग्याच्या मुळांवर गाठी करतो!" खरं आहे. पण तो वेगळा. हा पिकाला लागत नाही. माणसाला, गुराला बाधत नाही.

मात्र हे औषध म्हणजे जीव आहे. दह्याचे विरजण उन्हात ठेवाल काय? तसेच हे. ऊन लागले की मेले, माती कोरडी पडली की मेले. म्हणून ते पाण्यात कालवून, संध्याकाळी, ओल्या जमिनीत मुळाशी घालावे. अळी लहान असतानाच घालावे. थोरली अळी सहज मरत नाही.

एवढ्याने भागत नाही, बरं का. वळीव पडला की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते पाडावेत आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवावेत. एकट्याने केले, तर शेजारचे भुंगेरे येऊन तुमच्या रानात अंडी घालतील. साऱ्या गावाने मिळून करावे.

शेवटची गोष्ट. किती घालायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत वापरायचे, ते पुड्यावर छापलेले असते. मुदत संपलेल्या पुड्याचा भरवसा नाही. पैसे देण्याआधी तारीख वाचा. आता तुम्हाला वाचता येते.