इंग्रजी वाङ्मयाचा उच्च अभ्यास : का आणि कसा?
(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



 आम्ही अकरावी मॅट्रिक झालेले. सारी हयात प्राथमिक शाळेत बाराखडी व पाढे शिकविण्यात गेली. तेव्हा एम. ए. च्या अभ्यासाविषयी आम्ही बोलावे, हे कोणास आगाऊपणाचे वाटेल. परंतु निवृत्तीनंतर घरातील मुलांची पुस्तके आम्ही कोशाच्या साहाय्याने सावकाश वाचीत आलो. आणि पालकांच्या शंका पालकानेच बोलून दाखविलेल्या बऱ्या, म्हणून हे धाडस करीत आहोत.

घरातील मुलगी वा मुलगा ‘इंग्रजी घेऊन एम. ए. करतो’ म्हणाला की वडील मंडळी विचारतात, “इंग्रजी तर तुला येतेच; मग दोन वर्षे आणखी कशाला?” या प्रश्नाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. इंग्रजी बोलता येणे निराळे व इंग्रजी वाङ्मय जाणणे निराळे. आपण सर्व मराठी बोलतो. तथापि शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी सार्थ आवृत्तीवाचून आपल्यापैकी किती जणांस उलगडते? या अभ्यासात तर सुमारे तेराशे वर्षांची इंग्रजी समोर येते.

प्रथम कालखंडांचा विचार करू. ‘बेवुल्फ’ हे तीन हजारांहून अधिक ओळींचे जुने वीरकाव्य एकाच हस्तलिखितात उरले. ते हस्तलिखित इ. स. १००० च्या सुमाराचे असून १७३१ च्या आगीत जळता जळता वाचले. त्याची भाषा आजच्या इंग्रजास शिकल्यावाचून वाचता येत नाही. पुढे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारी फ्रेंचचा अंमल सुरू झाला. म्हणूनच ‘जज्ज’, ‘कोर्ट’, ‘जस्टिस’ हे शब्द फ्रेंचमधून आलेले आहेत. आपल्याकडील ‘वकील’, ‘फिर्याद’, ‘दस्तऐवज’ हे शब्द राज्यकर्त्यांच्या फारसीतून आले, तसाच हा प्रकार होय. चॉसर १४०० साली निवर्तला. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. शेक्सपिअरच्या निधनानंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याच्या ३६ नाटकांचा संग्रह निघाला. त्यांपैकी १८ नाटके तोपर्यंत छापलीच गेली नव्हती. ‘मॅक्बेथ’ त्यांतलेच एक. तो संग्रह निघाला नसता तर ही नाटके कदाचित आपल्या हाती लागलीच नसती. ग्रंथ कसा टिकला, कोणी जपला, हेही या अभ्यासात शिकावे लागते.

आता वाङ्मयप्रकारांकडे वळू. काव्य, नाटक, कादंबरी, निबंध हे प्रकार आकाशातून पडत नाहीत. कायदा, बाजारभाव व वाचकांची ऐपत त्यांना घडवितात. १६४२ मध्ये लंडनची नाट्यगृहे बंद झाली, ती १६६० मध्ये उघडली. उघडल्यावर पूर्वी मुलगे करीत त्या स्त्रीभूमिका स्त्रिया करू लागल्या आणि नाटकाचा नूर पालटला. पुढे १७३७ च्या कायद्याने नाटकांवर सरकारी परवान्याचा पाश आवळला. तेव्हा हेन्री फील्डिंगची नाटके थांबली, आणि त्याने कादंबरी हाती घेऊन १७४९ मध्ये ‘टॉम जोन्स’ दिली. आपल्याकडेही १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली होती, याचे स्मरण येथे होते.

कादंबरीचे उदाहरण तर व्यापारी मंडळींनीही ध्यानी घेण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकात नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. ती सामान्य माणसास परवडत नसे. तो मूडीच्या ग्रंथालयाचा वर्षाला एक गिनी देऊन सभासद होई. एका वेळी एकच खंड मिळत असल्याने एक कादंबरी तीन सभासदांत फिरे, व ग्रंथालयाचे फावे. यास्तव लेखकांना कथानक तीन खंडांपर्यंत ताणावे लागे. ग्रंथालयांनी १८९४ मध्ये हा आकार नाकारताच तो थोड्याच वर्षांत नाहीसा झाला. उलट डिकन्सने १८३६-३७ मध्ये ‘पिक्विक पेपर्स’ दरमहा एक शिलिंगाच्या भागाने वाचकांच्या हाती दिले. पुढील भाग लोकांनी घ्यावा म्हणून उत्कंठा राखणे आलेच. हे ध्यानी घेऊन वाचले की कादंबरीचा लांबट बांधा कंटाळवाणा न वाटता सकारण वाटू लागतो.

येथे कोणी म्हणेल, “परक्यांचे हे वाङ्मय राज्यकर्त्यांनी आपल्यावर लादले, त्याचे कौतुक किती करावे?” आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळण्याचे कारण नाही. १८३५ मध्ये मेकॉलेने आपल्या टिपणात पौर्वात्य विद्यांना तुच्छ लेखले, हा इतिहास आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. इंग्रजी हा स्वतंत्र पदवीचा विषय केंब्रिजमध्ये झाला तो १९१७ मध्ये. म्हणजे इंग्रजांच्या घरी त्यास पूर्ण मान मिळण्यापूर्वीच आपली मुले त्यात परीक्षा देत होती. पण आपल्या पूर्वजांनी ते मुकाट्याने गिळले नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केले, देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रंगभूमीवर आणले. इटलीतून इंग्लंडात गेलेले सॉनेट केशवसुतांनी मराठीत रुजविले. विंदा करंदीकर व भालचंद्र नेमाडे हे इंग्रजीचेच प्राध्यापक होते. त्यांनी मराठीस काय दिले, ते सर्वश्रुत आहे.

विद्यार्थ्यांस चार सूचना. एक : भिंतीवर सालवार तक्ता लावावा व वाचलेला प्रत्येक ग्रंथ त्यात नोंदवावा. दोन : एकेक वाङ्मयप्रकार धरून तो तक्ता आडवा वाचावा, म्हणजे नाटक वा कादंबरी कोठे व का वळली ते कळेल. तीन : शब्दाचा आजचा अर्थ जुन्या ग्रंथावर लादू नये. ‘नाइस’ म्हणजे एके काळी मूर्ख. शेक्सपिअरच्या काळी ‘प्रेझेंटली’ म्हणजे ताबडतोब. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थाचा इतिहास देतो. १८८४ पासून भागाभागाने निघत तो १९२८ मध्ये पूर्ण झाला. चार : गाईड वाचून मूळ ग्रंथ वाचल्याचे समाधान मानू नये. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर असे शेकडो ग्रंथ विनामूल्य मिळतात. तेव्हा पैशाची सबब आता फारशी उरलेली नाही.

शेवटी मंडळास एक विनंती. आपल्या शिष्यवृत्ती-निधीतून आजवर अभियांत्रिकी, वैद्यकी व हिशेबशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांस साहाय्य मिळत आले, ते उचितच होते. परंतु वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांचे अर्ज ‘नोकरीचा भरवसा नाही’ म्हणून परत जातात, आणि त्यांत कन्यांचे अर्ज अधिक असतात. नोकरीची हमी आम्हीही देत नाही. अध्यापन, भाषांतर, संपादन ही क्षेत्रे आहेत व त्यांत स्पर्धाही आहे. हे पालकांनी आधी जाणावे. तथापि करारातील, वृत्तपत्रातील, पुढाऱ्याच्या भाषणातील शब्द पारखून त्यामागचा हेतू ओळखणारी माणसे ज्ञातीत असू नयेत, असे कोण म्हणेल? पुढील वर्षीपासून निदान दोन शिष्यवृत्त्या वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांकरिता राखून ठेवाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. तिच्या प्रारंभासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती रक्कम आम्ही आज कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहोत. इतर बंधुभगिनींनी तीत भर घालावी.