मजकूर कोणाचा?



वाङ्मयचौर्य हा काही आजचा रोग नाही. तुकोबांच्या काळातच सालोमालो नावाचा कीर्तनकार त्यांचे अभंग उचलायचा, ‘तुका म्हणे’ काढून तिथे आपले नाव बसवायचा आणि गायचा. तुकोबांनी त्याला अभंगांतून नावानिशी फटकारले आहे. सीमाभागातल्या आपल्या कलबुर्गी जिल्ह्याचा वारसा मात्र वेगळा. गाणगापूरच्या नृसिंह सरस्वतींचे ‘गुरुचरित्र’ लिहिताना सरस्वती गंगाधर सुरुवातीलाच आपली वंशावळ सांगतात आणि मराठी ही आपली भाषा नव्हे, हेही झाकून ठेवत नाहीत. लिहिणारा कोण, कुठला, हे वाचकाला आधीच ठाऊक होते.

आता याच्या उलट उदाहरणासाठी शेजारी चला. बिदर जिल्ह्यातले औराद ओलांडले की देगलूर, म्हणजे नांदेड जिल्हा. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत भोकरमधून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. मतदानाच्या तोंडावर ‘लोकमत’, ‘पुढारी’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ या एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत त्यांच्या नेतृत्वाचा गौरव करणारा एकच मजकूर आला, शब्द न शब्द सारखा. कुठेही ‘जाहिरात’ असे छापलेले नव्हते. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे उघड केले. चव्हाणांनी दाखवलेला वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये. चव्हाणांनी आरोप नाकारले. प्रतिस्पर्धी माधवराव किन्हाळकरांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. जुलै 2014 मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

न्यायालयापुढचा प्रश्न उमेदवाराच्या हिशेबाचा होता. माझा प्रश्न वृत्तपत्रांना आहे. तीन संपादकीय विभागांना एकाच दमात तेच विशेषण, तोच स्वल्पविराम सुचत नाही. यातल्या निदान दोघांनी तरी दुसऱ्याचे शब्द आपली बातमी म्हणून वाचकाच्या हाती ठेवले. सालोमालोने कवीला लुबाडले. इथे लुबाडला गेला तो सकाळी पैसे मोजून अंक घेणारा माणूस, आणि तेही मत द्यायला निघण्याच्या दिवसांत. म्हणून मला हे चौर्य अधिक गंभीर वाटते.

कायद्याने यावर वचक बसेल, या भ्रमात राहू नका. दुसऱ्याचे लिखाण श्रेय न देता आपले म्हणून छापणे हा पत्रकारितेच्या नीतीचा भंग आहे, असे प्रेस कौन्सिलची आचारसंहिता स्पष्ट सांगते. पण कौन्सिलच्या हाती आहे समज देणे, ताशेरे ओढणे. दंड नाही.

आपल्याकडे आणखी एक पळवाट आहे, दोन भाषांची. बिदरच्या कन्नड दैनिकातली बातमी मराठीत उतरवली की ती आपली झाली, असे कुणी मानत असेल तर ते चूक आहे. भालकीत पाऊस किती पडला, ही माहिती सर्वांची. तिच्यावर कुणाची मालकी नाही. पण ती ज्या शब्दांत, ज्या मांडणीत लिहिली ते लिहिणाऱ्याचे, आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्याने भाषांतराचा हक्कही मूळ हक्कदाराचाच. पावसात भिजून, तहसील कचेरीत ताटकळून ज्याने बातमी मिळवली, त्याचे नाव एका ओळीत द्यायला जागा कमी पडत नाही.

सीमाभागातल्या मराठी वार्ताहरांना माझी विनंती आहे: कन्नड वृत्तपत्रातून घेतले असेल तर पहिल्या परिच्छेदातच त्याचे नाव लिहा. आणि वाचकहो, दोन अंकांत एकच मजकूर दिसला तर दोन्ही कात्रणे एका पाकिटात घालून दोन्ही संपादकांना पाठवा आणि विचारा, हे मुळात कोणी लिहिले?